कारखाना आतून पाहिलेला माणूस

१९७२ साली मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. डिमोनात येऊन नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊ वर्षांत कामाबद्दल मी घरी एक शब्दही खरा बोललो नव्हतो. आज हे लिहायला जड जातं. पण ज्या इंग्रज लेखकाची हकीगत सांगायची आहे, ती हे टाळून सांगताच येत नाही.

आम्ही कोकणातले यहुदी. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे वडिलांनी तेलाच्या घाण्यावर घेतलं. घाणा बंद पडला तेव्हा कोकण सोडून मुंबईला मिलमध्ये लागलो. कार्डिंग खात्यात, म्हणजे जिथे कापूस विंचरतात तिथे, झाडूवाल्यापासून जॉबरपर्यंत चढलो. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. सत्तर माणसं माझ्या हाताखाली होती आणि माझ्या शिव्या खाल्ल्याशिवाय एकाची पाळी सुरू होत नसे. मग यहुद्यांच्या नव्या देशात, इथे आलो तेव्हा कचेरीतल्या बाईने विचारलं, काय काम येतं. मी सगळं सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं आणि मला झाडांना पाणी घालायला पाठवलं.

कारखाना गावाबाहेर, वाळवंटात. त्याचं नाव आमच्या गावात कोणी घेत नाही, मीही घेणार नाही. त्याला दोन कुंपणं. बाहेरच्या गेटापासून आतल्या गेटापर्यंत डांबरी रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निलगिरी आणि झाऊ. ही झाडं जगवायची, एवढंच माझं काम. आतलं कुंपण मी कधी ओलांडलं नाही.

घरी मात्र मी मशिनवर होतो. बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं, सिनेगॉगच्या अंगणात सगळ्यांना सांगितलं. ही थाप टिकली ती गावाच्या रीतीमुळे. कारखान्यातला माणूस आत काय करतो ते घरी बोलत नाही आणि घरचे विचारत नाहीत. सासरा जावयाला विचारत नाही, भाऊ भावाला विचारत नाही. चांगली रीत आहे. या रीतीच्या आडोशाला माझी ऐट उन्हापावसाशिवाय उभी होती. सकाळी पॉलिश केलेले बूट घालून निघायचो, तेही पहिल्या बसने. त्या बसला कारखान्याच्या स्वयंपाकघरातली मोरोक्कोवाली मंडळी असायची आणि त्यांचं आमच्या लोकांशी बोलणं नव्हतं. रबरी बूट अवजारांच्या छपरात ठेवलेले. तिथे बदलायचे, संध्याकाळी पुन्हा बदलायचे. पुढच्या बसा रस्त्याने जायला लागल्या की मी झाडांआड व्हायचो. आमच्यातले सगळे मला अजून ‘जॉबर’ म्हणूनच हाक मारत.

त्या हिवाळ्यात आमच्या शिक्कूनात, म्हणजे सरकारने बांधून दिलेल्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर एक इंग्रज राहायला आला. मी दुसऱ्यावर. उंच, खांद्यात वाकलेला, नखं कुरतडलेली, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. शेगडीसाठी घासलेटचा डबा घेऊन जिना चढत होता आणि अर्धं घासलेट पायऱ्यांवर सांडत होता. मी डबा त्याच्या हातातून घेतला आणि इंग्रजीत सांगितलं, डबा असा धरत नाहीत. माझं इंग्रजी मिलमधल्या गोऱ्या मास्तरकडून शिकलेलं, हुकूम घेण्या-देण्यापुरतं. साहेब मात्र मी त्याला म्हटलं नाही. मास्तरला म्हणून झालं होतं तेवढं पुरे.

तो म्हणाला, “तुम्ही संध्याकाळी काय करता?”

“थकतो,” मी म्हटलं.

हे उत्तर त्याला फार आवडलं.

तो खुनाच्या आणि हेरांच्या कादंबऱ्या लिहीत असे, वर्षाला एक; या वेळची वाळवंटात घडणारी, म्हणून इथे आला होता. इंग्लंडात त्याची पुस्तकं स्टेशनावर विकली जात आणि लोक घरी पोचेपर्यंत ती संपवत. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याची काम करायची तऱ्हा तेवढी पाहिली. पहाटे पाचला टाइपरायटर सुरू व्हायचा, तो अकराला बंद. माझी बायको खाली भाकऱ्या थापायची तर दोन्ही आवाज एकात एक मिसळायचे. अकरानंतर एक अक्षर नाही. चार वाजता मी कामावरून आलो की तो मला वर बोलवायचा आणि सकाळची पानं मोठ्याने वाचून दाखवायचा. समोर चहा, त्याच्या हातात पेन्सिल. मी दाराकडे पाहिलं की तो समासात रेघ मारायचा. जांभई दिली की पान फाडायचा.

मी म्हटलं, “शिकलेल्या माणसाला वाचून दाखव. मला अर्धे शब्द कळत नाहीत.”

“शिकलेला माणूस मन राखतो,” तो म्हणाला. “तुम्ही दिवसभर राबून येता आणि तुम्हाला रीतभात नाही. असा माणूस मी वीस वर्षं शोधतोय.”

रीतभात नाही म्हणाला त्याचा राग आला होता. दोन दिवस वर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, कारण त्या गोष्टीतला माणूस पाण्याच्या टाकीत अडकला होता आणि त्याचं पुढे काय झालं ते मला कळायला हवं होतं. त्याने कपात चहा ओतला. माझ्या जांभईने त्या पुस्तकातली किती पानं मेली ते मोजलं नाही, पण बरीच मेली.

वाचून झालं की तो आपलं सांगायचा. तो एका विमा कंपनीत कारकून होता. घर जळलं, माल बुडाला, असे दावे घेऊन लोक यायचे आणि खरे कोणते, खोटे कोणते ते त्याने ओळखायचं. तो म्हणायचा, खरं सांगणारा माणूस अडखळतो, त्याला अर्धं आठवत नाही. खोटं बोलणाऱ्याला सगळं आठवतं, पडद्याचा रंगसुद्धा. तिथेच तो गोष्टी शिकला. पहिलं पुस्तक कंपनीच्याच कागदांच्या पाठीवर लिहिलं. किती ठिकाणांहून परत आलं ते त्याच्याही लक्षात नव्हतं. छापलं तेव्हा तो चाळिशीचा होता. मग दर वर्षी एक. दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली. मी विचारलं, का. म्हणाला, “पाच ते अकरा मी खोलीत असायचो. अकरानंतर खोलीबाहेर असायचो, पण घरात नसायचो.” हे मला पटलं. मीही घरात असायचो कुठे.

एकदा म्हणाला, “लोकांना वाटतं लढाईत मी हेर होतो.”

“होतास?”

“इजिप्तमध्ये एका गुदामात घोंगड्या मोजत होतो. चार वर्षं. बंदूक कधी उडवली नाही. पेपरवाले विचारतात तेव्हा मी गप्प बसतो. गप्प बसलं की त्यांचं तेच लिहितात.”

एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. ही गोष्ट त्याने दोन बायकांनाही सांगितली नव्हती म्हणे. त्या वेळी मीही माझं सांगायला हवं होतं. समोरच्या माणसाने आपलं पोट उघडं केलं होतं. पण त्याने पुढचा प्रश्न विचारला, “तुम्ही कारखान्यात असता ना? आतून कसा आहे?” आणि माझी मान आपोआप ताठ झाली.

मी म्हटलं, सांगता येत नाही. बंदी आहे. हे बोलायला मला फार बरं वाटलं. मग थोडं थोडं सांगितलं. आणि सांगणार काय? मी आतून एकच कारखाना पाहिला होता. त्याला सांगितलं, पाळी बदलताना भोंगा होतो. मोठ्या लोखंडी दारात एक छोटं दार असतं, वाकून जावं लागतं. जॉबर उंचावर काचेच्या खिडकीत बसतो, तिथून सगळं खातं दिसतं. हवेत पांढरी भुकटी असते, ती छातीत बसते, जुनी माणसं खोकून मरतात. मशिनखाली भुयार आहे, त्यात ती भुकटी साचते. भुयार थेट धुराड्यापर्यंत जातं. त्यातून माणूस रांगत जाऊ शकतो.

“खाली उतरायला पायऱ्या?”

“सतरा.”

“भिंतीचा रंग?”

“खाली हिरवा, वर चुना.”

त्याने सगळं लिहून घेतलं. लिहिताना तो गालात हसला होता, हे मला तेव्हाही दिसलं. त्याचा अर्थ लागायला दोन वर्षं गेली.

वसंतात तो निघून गेला. पुढे त्याचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो. आणखी सात-आठ पुस्तकं आली. मग लोकांना जाड पुस्तकं हवीशी झाली, त्याची पातळ असायची. छापणाऱ्याने नको म्हटलं. समुद्रकाठच्या कुठल्याशा गावात भाड्याच्या खोलीत राहिला आणि दर वर्षी मला एक कार्ड टाकायचा, त्यात हवामान आणि सकाळी किती पानं झाली एवढंच. छापायला कोणी नसताना पाच ते अकरा चालूच. पंच्याऐंशी सालानंतर केव्हातरी तो गेला. मुलीने इंग्रजी पेपरातून वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, युद्धकाळात गुप्त कामगिरीवर होता, तिच्याबद्दल तो अखेरपर्यंत बोलला नाही. मी म्हटलं, “घोंगड्या.” मुलीला कळलं नाही. मी सांगत बसलो नाही, तेव्हा. आता लिहिलं.

तर पुस्तक. मध्ये त्र्याहत्तरची लढाई होऊन गेली होती. गावात कोणाच्याच चेहऱ्यावर रया नव्हती. त्या दिवसांत टपालाने त्याचं वाळवंटातल्या कारखान्याचं पुस्तक आलं. पहिल्या पानावर छापलं होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मित्राला, ज्याने हा कारखाना आतून पाहिला आहे. नाव नव्हतं. माझं नाव घालू नको असं मीच त्याला ऐटीत बजावलं होतं. पण हे नाव नसलेलं पान मी एकूण एक माणसाला दाखवलं. लग्नात नेलं, मयतीत नेलं. सिनेगॉगच्या अंगणात उघडून धरलं. आमच्यातल्या एकाने विचारलं, “जॉबर, हे तुम्हीच कशावरून?” मी त्याच्याशी सहा महिने बोललो नाही.

मुलगी तेव्हा एकवीस वर्षांची. सैन्यातली दोन वर्षं करून आली होती आणि त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. फक्त चौकशीचा कागद सुटायचा होता. मुंबईहून दहा वर्षांची आलेली पोर, हिब्रू येत नाही म्हणून वर्गात मागे बसलेली. एवढं काम मिळू दे म्हणून बायकोने एलियाहू हनाबीला, आमच्या प्रेषिताला, मलिद्याचा म्हणजे गोड पोह्यांचा नवस बोलला होता. पोहे, नारळ, गूळ सगळं आणून ठेवलं होतं. एक महिना गेला, दोन गेले. बरोबरच्या पोरी कामावर रुजू झाल्या. हिचा कागद येईना. पोह्यांना वास यायला लागला. मुलगी रोज टपालपेटी उघडायची, बंद करायची.

मग एके सकाळी मी निलगिरीच्या आळ्यांत पाणी सोडत होतो आणि बाहेरच्या गेटावरच्या कचेरीतून मला बोलावणं आलं. मी आधी छपरात जाऊन पॉलिशचे बूट घातले. वऱ्हांड्यात बाकावर मुलगी बसलेली. तिलाही बोलावलं होतं, कशासाठी ते तिला माहीत नव्हतं.

आत अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला एक लुकडा अधिकारी, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेला. टेबलावर ते पुस्तक, पानापानांत कागदाचे कपटे खोचलेले.

“हे तुम्हाला अर्पण केलंय?”

“हो.”

“यातलं भुयार तुम्हाला कोणी दाखवलं? आतल्या कुठल्या माणसाने सांगितलं?”

मी गप्प बसलो. गप्प बसायची मला सवय होती, नेहमी कामी आली होती.

तो म्हणाला, “हे पाहा, तुम्ही बोलला नाहीत तर मला लिहावं लागेल की तुम्ही बोलायला तयार नाही. मग तुमच्या मुलीचा कागद या खणात राहील. माझा तिच्यावर काही राग नाही. पण तो खणातच राहील.”

माझं हिब्रू नळ, खत, भाजी, दवाखाना एवढंच. ते तिथे संपलं. मी म्हटलं, माझ्या भाषेत सांगतो, मुलीला आत घ्या. त्याने दार उघडलं. ती येऊन माझ्या शेजारी बसली, पुस्तकाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“नोंदीसाठी,” अधिकारी म्हणाला. “वडिलांचं काम काय?”

मला न विचारताच तिने हिब्रूत सांगून टाकलं, मशिन विभागात आहेत.

माझं कार्ड त्याच्यासमोरच होतं. त्याने कार्ड पाहिलं, मला पाहिलं, आणि एक बी दातात धरली. बोलला मात्र नाही. जन्मात पुष्कळ अधिकारी पाहिले. या माणसाने मला तेवढा वेळ दिला, हे विसरलो नाही.

“त्याला सांग,” मी मुलीला म्हटलं, “बाप झाडांना पाणी घालतो.”

“काय?”

“रस्त्यावरच्या झाडांना. अकरा वर्षं. आतलं गेट मी ओलांडलेलं नाही.”

“अब्बा,” ती हिब्रूतली बापाची हाक मारून म्हणाली, “ही मस्करीची जागा आहे का?”

“मस्करी नाही. सांग त्याला.”

तिने सांगितलं. आवाज असा, जसा दुकानात कोणी भाव वाचून दाखवावा. हिब्रूत ते दोन-तीन शब्दांतच आटोपलं.

“मग हे भुयार? सतरा पायऱ्या?”

मी कागद मागितला. नकाशा काढला. इथे कापूस पिंजतात, इथे माझं खातं, ही जॉबरची खिडकी, हे खाली धुळीचं भुयार, रविवारी दोन माणसं तोंडाला फडकी बांधून ते उपसायची. हे धुराडं. ही परळकडची गल्ली. मुलगी एकेक शब्द सांगत गेली. मध्येच अडली, मला म्हणाली, “हे तर मुंबई आहे.”

“मग काय चंद्र असेल?”

अधिकाऱ्याने एक कपटा खोचलेलं पान उघडलं. “आणि ही पांढरी भुकटी? माणसाची फुप्फुसं खाते ती? वरून मला यावर चार पानी प्रश्न आलेत.”

“कापूस,” मी म्हटलं.

हा शब्द तिला हिब्रूत सांगावा लागला. तेव्हा तो हसला, बिया टेबलावर सांडल्या. म्हणाला, “म्हणजे सगळ्या इंग्लंडला वाटतंय आम्ही वाळवंटात काय काय बनवतोय, आणि ते धोतराचं कापड.” मग माझ्या नकाशावर माझी सही घेतली आणि मुलीला म्हणाला, तुझा कागद आठवड्याभरात येईल.

ती हसली नाही. बाहेर बसथांब्यावर वारा होता, डोळ्यांत वाळू जात होती. तिने विचारलं, आणि एरवी अर्धंअधिक हिब्रूत बोलणाऱ्या पोरीने अख्खं मराठीत विचारलं, “ती सत्तर माणसं तरी खरी होती का?”

“खरी होती.”

“बेसेदेर,” ती म्हणाली, म्हणजे ठीक आहे. आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. पिशवीत रबरी बूट होते. छपरातून निघताना ते उचलून का आणले, मला सांगता येणार नाही.

बसमध्ये मला त्या इंग्रजाचं हसणं आठवलं. खोट्या दाव्यांवर आयुष्य काढलेला माणूस. मी सतरा म्हटलं तेव्हाच तो समजला होता. खरं सांगणाऱ्याला पायऱ्या कुठे आठवतात. त्याला हवं होतं ते भुयार, कुठलं का असेना. तरी पहिल्या पानावर तसं छापलं. माझी लाज राखायला की गंमत म्हणून, ते कार्डातही कधी विचारलं नाही.

घरी बायको पोहे निवडत होती. मी म्हटलं, “अगो, आज सांगून आलो.”

“काय?”

“मी मशिनवर नाही ते.”

तिने मानही वर केली नाही. “पँटींचा चिखल अकरा वर्षं कोण धुतं? मशिनवरच्या माणसाला तेल लागतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही संध्याकाळी शीळ घालत जिना चढायचात. मुंबईत चढायचात तसे. ती बंद पडली असती.” मग म्हणाली, “हे पोहे गेले. नवे आणा. नवस राहिलाय.”

 इतका थकलो होतो की जेवायलाही उठवेना. अकरा वर्षं ती थाप छपरासारखी उचलून धरली होती, आणि ज्यांच्यासाठी धरली त्यातली एक तर तिच्याखाली कधी उभीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजता उठलो. पॉलिशचे बूट खाटेखाली सारले आणि रबरी बूट घरातूनच घालून निघालो. जिन्यात त्यांचा फताक फताक आवाज होत होता. खालच्या मजल्यावरचा अलिबागकडचा म्हातारा दारात दात घासत उभा होता. म्हणाला, “काय जॉबर, आज बूट कसले?”

“पाण्याचे,” मी म्हटलं.

पहिल्या बसने गेटावर उतरलो. आदल्या दिवशी कचेरीत गेल्यामुळे रस्त्याच्या टोकाची, आतल्या गेटाजवळची झाऊची ओळ कोरडी राहिली होती. आधी तिथे गेलो आणि नळ सोडला.